परीच्या बागेतले दात

२ मे

दातवाल्या बाईंना,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

फोन करू नका असं मी मागेच सांगितलं होतं, तरी परवा केलात. मी उचलला नाही, उचलणारही नाही. माझा उभा जन्म कोर्टात लोकांचे जबाब टाइप करण्यात गेला. तोंडाने बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी 'मी असं म्हणालोच नाही' म्हणून मोकळा होतो. लिहून दिलेलं नाकारता येत नाही. तेव्हा जे काय असेल ते कागदावर येऊ द्या.

आता मुद्द्याचं. माझी धाकटी बहीण गेल्यावर तिच्या दोन्ही मुली मी सांभाळल्या, तुम्ही त्या घरात येईपर्यंत. तुमचं लग्न झालं त्या दिवशी मेहुण्यांनी तुमच्यादेखत कबूल केलं होतं, की वर्षभर मुली तुमच्याजवळ ठेवून बघू, नाही रुळल्या तर ताई घेऊन जाईल. एवढं बोलून ते गेले जहाजावर, इंजिनाच्या खोलीत. तिथे ना पोरींचं रडणं ऐकू येत, ना माझं. वर्ष आता संपतंय. ३० तारखेला मी येते आहे, दोन रिकाम्या बॅगा घेऊन. त्या भरायच्या की नाही ते येऊन बघेन.

तोवर एवढं कळवा. थोरली अभ्यास करते की नुसतं पुस्तक धरून बसते? टिकली जेवते का? तुमच्याकडे सोडून आले तेव्हा ती हसायचीच बंद झाली होती. अजून तशीच आहे का? आणि सुट्टीत पोरी दिवसभर करतात काय? तुम्ही तर लोकांच्या कवळ्या घासत बसणार. 'सगळं छान आहे' असलं गुळमुळीत उत्तर नको.

मुलींची मावशी


६ मे

ताई, नमस्कार.

फोनचा राग मानू नका. टिकलीला तुमचा आवाज ऐकायचा होता, म्हणून केला.

तुम्ही विचारलंत त्याच क्रमाने लिहिते. थोरली बाकी अभ्यास करते, गणिताचं पुस्तक मात्र नुसतं धरून बसते. तुम्ही तिला बरोबर ओळखता. टिकली जेवते. आधी निम्मं ताटात टाकायची, आता टाकत नाही. मला ती अजून कुठल्याच नावाने हाक मारत नाही. काही हवं असलं की माझ्या कामाच्या टेबलावर टकटक करते. मी 'कोण आहे?' म्हणते, मग ती काय हवं ते सांगते. असं आमचं चाललंय.

दिवसभर काय करतात म्हणाल तर परीची बाग. हसू नका. लॅब घराच्याच मागच्या खोलीत आहे आणि तिच्यामागे चार पावलांचं अंगण. तिथे एक फुटकं बेसिन कधीचं पडून होतं. टिकलीने कुठल्याशा पुस्तकात वीतभर घरांचं चित्र पाहिलं आणि 'आपण करूया' म्हणाली. थोरलीला म्हणाली, मला नाही. पण बेसिन माझं होतं, त्यामुळे मीही त्यात आले. बेसिनात माती भरली, भिंतीवरचं शेवाळ खरवडून हिरवळ केली. काडेपेट्या चिकटवून घर उभं केलं. कवळीच्या हिरड्या करताना आम्ही गुलाबी मेण वापरतो, थोरलीने गरम सुरीने त्याची कौलं कापली. इतकी सरळ की मला माझ्या हाताची लाज वाटली. तारेचा झोका झाला, रिकाम्या रिळांची स्टुलं झाली. शेजारची जुळी मुलं आइस्क्रीमच्या काड्यांचं कुंपण घेऊन आली, तर टिकली म्हणे, 'परी उडते, तिला कुंपण कशाला?' त्यावर जुळ्यांपैकी एकजण म्हणाला, 'तिला नाही, मांजराला.' ते मात्र सगळ्यांना पटलं.

बागेतल्या वाटेला पांढरी खडी हवी होती. माझ्याकडे जुने जबडे पेटीभर होते. दात बसवायचा तर आधी माणसाच्या तोंडाचं माप घेतात, त्यात प्लास्टर ओतलं की हुबेहूब त्याचा जबडा निघतो. काम झाल्यावर तो टाकायचाच असतो. मी पेटी मुलांपुढे ठेवली आणि हातोडी दिली. जबडे फोडायचा उत्साह काय सांगू!

आणि टिकली हसली, ताई. गेल्या आठवड्यात, मोठ्याने. कशाला ते आल्यावर सांगेन. पत्रात नीट जमणार नाही.

तुम्ही येताय ते बरंच आहे. भीती वाटते तीही लिहून टाकते.

तुमची


११ मे

बाई,

'पत्रात नीट जमणार नाही' हे वाचलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली. दुसऱ्याच दिवशी थोरलीचं पत्र आलं. तिचंच वाक्य उतरवते: 'मावशी, पेटीत टिकलीला आईचे दात सापडले. पुढचे दोन एकावर एक चढलेले. तिने ते फोडू दिले नाहीत. आता ते परीच्या घराच्या दारात ठेवलेत आणि टिकली त्यांच्याशी बोलते.'

माझ्या बहिणीचे दात असेच होते. म्हणून तर ती हसताना तोंडावर हात धरायची. एकाही फोटोत तिचे दात दिसत नाहीत, लग्नाच्यासुद्धा नाहीत. ते फक्त घरच्यांना ठाऊक होते. पोर आईच्या मांडीवर झोपून खालून बघायची, ती चुकेल कशी?

आता सांगा. ती हयात असताना तिच्या तोंडाचं माप तुमच्या पेटीत आलं कसं? तुम्ही म्हणाला होतात, मेहुण्यांची ओळख ती गेल्यावर झाली. ती तर साधी शिंक आली तरी मला कळवायची. दातांच्या कामाला गेले असं कधी म्हणाली नाही. म्हणजे कुणीतरी तिला नेलं आणि सांगू नको म्हणून बजावलं. कुणी नेलं ते मला कळतंय. पुढचं टाइप करायला माझं बोट धजत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, एवढंच मी आजवर तुमच्याबद्दल म्हणत होते. आता त्याहून वाईट म्हणावं लागेल असं दिसतंय.

आणि वर ते दात तुम्ही हातोडीखाली ठेवलेत. तेही कुणाच्या हातात, तर तिच्याच पोरींच्या!

मेहुण्यांना पत्र लिहून ठेवलंय, अजून टाकलेलं नाही. खरं काय ते कळवा. नाही कळवलंत तर ३० तारखेची वाट बघणार नाही.

मावशी


१४ मे

ताई,

ते दात तुमच्या बहिणीचे नाहीत.

तिला मी कधी पाहिलंच नाही, ना ती इथे आली ना तिचं माप आलं. तो जबडा बँडमध्ये ट्रंपेट वाजवणाऱ्या एका माणसाचा आहे. त्याला बाजूचा एक दात करून दिला होता. नव्या दाताने फुंक निसटते, सूर लागत नाही म्हणून तो माझ्याशी भांडायला आला होता. लॅबमध्ये उभं राहून ट्रंपेट वाजवून दाखवलं, सगळी गल्ली गोळा झाली. मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, तोंडं राहतात. हे तोंड तर विसरणं शक्यच नाही.

मग मी आधी का नाही बोलले? त्या दिवशी थोरलीची हातोडी वर गेली होती आणि टिकली 'आई!' म्हणून किंचाळली. मला वाटलं बोटावर बसली. धावत गेले तर ही जबडा छातीशी धरून उभी. म्हणाली, 'ही आई आहे,' आणि हसली. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, ताई. 'नाही गं' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिथेच चुकलं. दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन बागेपाशी बसली आणि सगळं संपवलं. तिसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं. तिने मला विचारलं नाही, मी खोटं बोलले नाही. पण गप्प राहणं म्हणजे काय, ते कोर्टात जन्म काढलेल्या माणसाला मी काय सांगणार? हात दाखवून अवलक्षण केलं, झालं.

आता माझी गत अशी, की तुम्हाला खरं पटवायचं तर जबडा तुमच्यापुढे ठेवायला हवा. आणि टिकली उठल्या उठल्या आधी तोच बघते. म्हणून काल मुली शेजारी गेल्या तेव्हा त्याचा रबराचा साचा घेतला आणि दुसरा जबडा ओतला. तसूभर फरक नाही. या पत्राबरोबरच पार्सल टाकते आहे. तुम्ही बहिणीचे दात ओळखता, तुम्हीच बघा.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांवर ठेवा. फक्त मुलींना इतक्यात काही लिहू नका, एवढं ऐका.

तुमची


१८ मे

ताई,

पार्सल पोचलं की नाही ठाऊक नाही. तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण आज मी टिकलीला सांगून टाकलं.

ती दुपारी आली, टेबलावर टकटक केली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. 'आई इथे आली होती तेव्हा कुठे बसली होती? या खुर्चीत?' मी हातातली कवळी घासत राहिले. 'तिला दुखलं का?' मग म्हणाली, 'ती आमच्याबद्दल काय बोलली?'

इतके दिवस गप्प राहून निभावलं होतं. पण आता मला तिच्या आईच्या तोंडी शब्द घालावे लागले असते. मी काहीही सांगितलं असतं तरी ते तिने जन्मभर जपलं असतं. ते मला जमेना. मी सांगितलं, तुझी आई इथे कधी आली नव्हती, हे तिचे दात नाहीत. ती रडली नाही. 'मग कुणाचे?' म्हणाली. मी सांगितलं. ती उठून गेली. संध्याकाळी बघते तर जबडा कचऱ्याच्या बादलीत उपडा. जेवायला बसली नाही. मी जवळ गेले तर भिंतीकडे तोंड केलं.

थोरली म्हणते, 'मला माहीत होतं. आईचा डावा दात वर होता, हा उजवा आहे.' मी विचारलं, मग मावशीला तसं का लिहिलंस? तर म्हणाली, 'पत्र टिकली वाचणार होती ना.' अकरा वर्षांची पोर, मला कळायच्या आधी हिला सगळं कळलेलं.

तुम्ही उद्या येऊन मुलींना नेते म्हणालात तर कुठल्या तोंडाने नको म्हणू? पण मला त्या हव्या आहेत, ताई. लग्न केलं तेव्हा नवरा हवा होता, मुली त्याच्याबरोबर आल्या. आता उलटं झालंय. ते महिनोन्‌महिने नसतात ते चालतं मला. या दोघी शेजारी गेल्या तरी माझं लक्ष दाराकडे असतं.

तुमची


१९ मे

अगं बाई,

पार्सल आलं. 'जपून हाताळा' लिहिलं होतंस म्हणून पोस्टमनने त्याच्यासमोरच उघडायला लावलं. कापसातून जबडा निघाला तसा तो दोन पायऱ्या खाली उतरला. आता गल्लीभर काय सांगत फिरणार देव जाणे.

मी एका नजरेत ओळखलं. नाही ते तिचे. तिचा डावा दात उजव्यावर होता. आणि या दाढा! बैलाच्या शोभतील. बँडवाल्याच्या दातांवरून मी तुझ्यावर काय काय बालंट घेतलं! ते सगळं मागे घेते. लेखी घेते आहे, जपून ठेव. मेहुण्यांचं पत्र फाडून टाकलं.

तू निर्दोष ठरलीस म्हणून हायसं वाटलं, ते मिनिटभरच. मग तो जबडा मांडीवर घेऊन मी हमसून रडले. तिचा असता तर किती बरं झालं असतं, असं वाटलं. मग तू वाईट ठरली असतीस तरी चाललं असतं मला. खरं सांगते.

आता ऐक. त्याच टपालाने टिकलीचंही पत्र आलंय, १५ तारखेचं. 'मावशी, ते दात आईचेच ना? तू सांगितलंस तर नक्की.' तिला उत्तर लिहून वेगळ्या बंद पाकिटात घातलंय, सोबत आहे. मी 'हो' म्हणून लिहिलंय. आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे जबाब टाइप केले, आज पहिला स्वतःचा दिला. पाकीट तिच्या हातात दे आणि तू आपली मिठाची गुळणी धरून बस. पोर हसते आहे ना, हसू दे.

३० ला येते. मुलींचं काय करायचं ते मात्र तेव्हाच ठरेल. कुणा बँडवाल्याच्या दातांकडे बघून हसणाऱ्या पोरीला रुळली म्हणायला माझी अजून तयारी नाही.

ताई


२३ मे

ताई,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुमच्या हातात पडलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला असेल. तुमचं माझ्या हातात पडलं तेव्हा मीही तेच केलं.

बंद पाकीट घेऊन मी किती वेळ उभी होते. आत 'हो' आहे हे मला माहीत. ते टिकलीला दिलं की मी खोटी ठरणार. तिला आईचं हसू मिळालं होतं आणि या बाईने ते खोटं सांगून हिसकावलं, असंच तिला वाटणार. आणि ३० तारखेला तुम्ही आलात की ती स्वतःहून तुमच्याबरोबर निघणार. चुलीत घालावं असंही मनात येऊन गेलं. पण पाकिटावर तिचं नाव होतं. मी नेऊन दिलं.

तिने पायरीवर बसून एकेक शब्द लावत मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर घडी घातली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मग ती थोरलीला म्हणाली, 'मावशीने न बघताच हो लिहिलंय. तिला तसंच हवंय.' उठली, मी अजून रिकामी न केलेल्या बादलीतून जबडा काढला, स्वतःच्या ब्रशने धुतला आणि परीच्या दारात परत ठेवला. मी विचारलं, आता कशाला? तर मलाच दटावलं, 'मावशी येईल तेव्हा तिला दिसायला नको का? तिला खरं सांगायचं नाही हं. कुणीच नाही. आपण इथे तिघी आहोत, ती एकटी आहे.'

तिघी म्हणाली, ताई. मी आत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

तिने मला शपथ घातली आहे, मी ती मोडते आहे. सोबत तिचं पत्र आहे. वाचा, आणि तुम्हाला काही कळलेलंच नाही असं दाखवा. त्यानंतर तुमचा जो निर्णय असेल तो असेल.

तुमची


२३ मे

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं. हो, ते आईचेच दात आहेत. मी नीट बघितलं. तू रडू नकोस. आम्ही ते रोज धुतो. परीच्या घराला आता जिना पण केलाय, थोरलीने केला, मी फक्त धरला. रेल्वेत खिडकीजवळ बस म्हणजे तुला उलटी होणार नाही. आल्यावर तू त्यांच्याशी बोलू शकतेस, आम्ही सगळे आत जाऊ. तुला किती पण वेळ लागला तरी चालेल. पण मग तू परत एकटी जाशील ना, तर तेव्हा वाटलं तर घेऊन जा ते. मला इथे चालेल.

तुझी टिकली


२७ मे

अगं,

दोन्ही पत्रं मिळाली. तुझं एकदा वाचलं. तिचं किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

'तू परत एकटी जाशील ना' हे तिने सहज लिहून टाकलंय. विचारलेलं नाही, मागितलेलं नाही. तिच्या डोक्यात ते ठरलेलंच आहे, आणि मी इथे महिनाभर न्यायाधीश होऊन बसले होते. कोर्टातल्या बाईचा पहिलावहिला खोटा जबाब सात वर्षांच्या पोरीने उभ्या उभ्या पकडला, आणि वर मलाच सांभाळून घेतलं. दुसऱ्याचं मन असं राखायला पोर ज्या घरात शिकली, तिथून तिला उचलून मी नेऊ कुठे? आधी मला वाटलं, हे तिला तिच्या आईने शिकवलं. थोडं शिकवलंच असेल. पण आईने शिकवलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. बाकीचं तू शिकवलंस, ते जड पाकीट तिच्या हातात देऊन. मी तुझ्या जागी असते तर चुलीत घातलं असतं.

मुली तिथेच राहतील, तुझ्याजवळ. मेहुण्यांना तसं लिहून टाकलंय. आता कुणी नाकारू शकणार नाही, मीसुद्धा.

३० ला सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नका, मला घर माहीत आहे. थोरलीला सांग, गणित घेऊन बसणार आहे मी तिच्याबरोबर, पळून जाऊ नको म्हणावं. आणि टिकलीला काहीच सांगू नकोस. ती हात धरून बागेपाशी नेईल, तुम्ही सगळ्या आत जाल, आणि मी त्या बँडवाल्याच्या दातांपुढे बसून रडेन. त्यासाठी मला नाटक करावं लागणार नाही.

तुझी ताई